पाय मोकळे करायला

मार्चमध्ये परीक्षेला आठ दिवस उरले असताना वसतिगृहावर घरचं कार्ड आलं. माझ्या वडिलांना लिहिता येत नाही. ते सांगतात आणि गावातले गुरुजी लिहून घेतात, त्यामुळे अक्षर वळणदार असतं आणि बोलणं वडिलांचं. "धर्मा गेला. चार दिवस ताप होता. मुंबईहून मुलगे आले, सगळं रीतीप्रमाणे झालं. तू परीक्षा सोडून येऊ नको. त्याच्या पेटीत काही सापडलं नाही." खाली नेहमीसारखा आशीर्वाद.

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ लागला नसता. मला लागला, आणि कार्ड मी घाईघाईने पुस्तकात घालून ठेवलं, जणू खोलीत कोणी आलं तर त्यालाही तो लागेल... धर्माकाकांचं सुतक फिटायच्या आत आमच्या माणसांनी त्यांची पेटी उघडून पाहिली होती. परगावच्या कोणाचा कागद, नोटांचं पुडकं, काहीतरी त्यांना हवं होतं. काहीच सापडलं नाही, आणि तेही वडिलांनी अशा रीतीने कळवलं की जणू काकांनी ते कुठेतरी लपवलंच असणार.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत, वारलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी वाचत आलो आहे. ती माणसं मोठी असतात. धर्माकाका तसे कोणी नव्हते, आणि मलाही लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण त्यांच्याबद्दल गावात जे बोललं जातं ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे जाणणारा बहुधा मी एकटाच आहे. म्हणून धीर करून लिहितो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, रेवस आणि रेवदंडा यांच्यामध्ये कुठेतरी, एवढं पुरे. नाव का देत नाही ते पुढे कळेल.

धर्माकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. वडील त्यांना दादा म्हणत. स्वराज्य आलं त्या वर्षी काकांनी स्वतःची होडी बांधली आणि दहाएक वर्षं चालवली. शीड ते स्वतः शिवत, दुहेरी टाका घालून, आणि माझ्या वडिलांच्या हातात सुई-दोरा दिला तोही त्यांनीच. मग काकी वारली, दोन्ही मुलगे मुंबईला गोदीत कामाला लागले, होडीवर घरचा माणूस उरला नाही, तेव्हा काकांनी होडी विकली. दर्यावरून उतरलेला आमच्या कोळ्यांतला म्हातारा एरवी काय करतो? पुळणीवर बसून जाळी विणतो, ओटीवर पडून राहतो, आल्यागेल्याला नावं ठेवतो. काका चालायला लागले. सकाळी उठायचं, हातात तारेची कडी लावलेला पत्र्याचा डबा घ्यायचा आणि ओहोटी असेल तर किनाऱ्याने, नसेल तर खारबंदीवरून, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून, डोंगराकडे निघायचं. दुपार टळल्यावर परत. कोणी विचारलं, "काय नाखवा, डोंगरात कशाला?" तर एकच उत्तर, "पाय मोकळे करायला."

हे उत्तर कोणालाच पटत नसे. आमच्या गावाची पाठ डोंगराला आहे आणि तोंड दर्याकडे. लाकूडफाट्याला बायका जातात, करवंदांना पोरं जातात. कर्त्या कोळ्याचं डोंगरात काम काय? "पाय मोकळे करायला एवढी पुळण पडलीय की," वडील म्हणत. दिवस तसेही संशयाचे होते. दारूबंदीचे शिपाई खाडीतल्या झुडपांत भट्ट्या शोधत फिरायचे, कस्टमवाले अवेळी किनाऱ्यावर दिसायचे, आणि त्यांना खबर कोण देतं हा चावडीवरचा कायमचा विषय. त्यात एक माणूस रोज रिकामा डोंगरात जातो म्हटल्यावर... तरीही काका आमचे होते, म्हणून पहिली काही वर्षं नुसती थट्टाच झाली.

थट्टेचं रूप पालटलं ते इंजिनाच्या होड्या आल्यावर. इथे थोडं समजावून सांगायला हवं. दर्यावर वाट नसते, पाटी नसते. मासळीची जागा ध्यानात ठेवायची ती किनाऱ्याच्या खुणांवरून. डोंगरमाथ्यावरची एखादी गोष्ट खालच्या एखाद्या गोष्टीच्या बरोबर वर आली पाहिजे, आणि दुसऱ्या अंगाला तशीच आणखी एक जोडी जुळली पाहिजे. दोन्ही जुळल्या की होडी जागेवर आली. ही खूण घराण्याची असते. बाप मुलाला दाखवतो, तीही होडीत, बोटाने, तोंडाने नाही. माझ्या आजोबांनी एक कातळाची जागा शोधली होती, तिथे हमखास घोळ मासळी लागायची. आजोबांच्या मागे ती खूण दोघांनाच ठाऊक होती, त्यांच्याच होडीवर वाढलेल्या धर्माकाकांना आणि माझ्या वडिलांना. मी शाळेत रमलो म्हणून वडिलांनी मला ती कधी दाखवली नाही. "तुला पेनानं पोट भरायचंय," ते म्हणत.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी खाडीपलीकडच्या गावाने इंजिनाच्या होड्या घेतल्या, आणि नारळी पौर्णिमेनंतर महिन्याभरात त्यातल्या दोन होड्या नेमक्या आमच्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या. वडील त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट तिसऱ्याला कळली, आणि आपण तर सांगितली नाही. त्यांचा हिशोब तिथेच संपला. त्या दिवसापासून दादाचा धर्मा झाला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी मे महिन्यात घरी आलो, तेव्हा वडील मला पडवीत घेऊन बसले. "धर्मा तुला जवळ करतो. तू त्याच्याबरोबर डोंगरात जा. कुठं जातो, कोनाला भेटतो, काय दाखवतो, बघून ठेव." मी म्हटलं, "बाबा, हे बरं दिसत नाही." ते म्हणाले, "आपल्या ताटातला घास गेलाय. बरं-वाईट मंग बघू." मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही काकांचा संशय होताच. कॉलेजात गेलो म्हणून तो गेला नव्हता.

मी हेरगिरी करायला गेलो होतो हे मला आधी सांगून टाकलं पाहिजे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मी त्यांच्यावर माया म्हणून त्यांच्याबरोबर फिरलो असं कोणाला वाटू नये. माया नंतर आली. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागून दहा पावलांवर चालत होतो आणि ते वळून हसत होते. "होडीत उबा हायस का रे? पाय फाकून काय चालतोस? डोंगरात पाय एकामागं एक टाकायचा." ओहोटीचं पाणी उतरलेलं, काळ्या कातळांवर कालवं काढणाऱ्या बायका वाकलेल्या. आम्ही त्या कातळांवरून दक्षिणेकडे गेलो, खाडीच्या तोंडाशी गुडघाभर चिखल तुडवला, मग खारबंदीवरून, मग करवंदीच्या जाळ्यांतून वर. मी या गावात जन्मलो आणि हे काहीच पाहिलं नव्हतं. चढाच्या मध्यावर एक घळ आहे, तिथे मे महिन्यातही हातभर पाणी असतं आणि वर गुळगुळीत दगड. काका तिथे ओंजळीने पाणी पीत आणि डबा भरून घेत. वर खिंडीत वारा असा येई की बोलणं मागे राहावं. आणि खिंड ओलांडून माथ्यावर आलं की एकदम सगळा दर्या पायाखाली. आमची होडी तिथून तिळाएवढी दिसायची. तिळाएवढ्या होडीत माझे वडील होते आणि मी वरून त्यांच्यासाठी दुसऱ्यावर नजर ठेवत होतो... मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं.

संशयाला जागा मात्र पावलोपावली होती. भरलेला डबा काका उन्हातान्हात माथ्यापर्यंत नेत, पण त्यातला घोटही पीत नसत, मलाही देत नसत. "तहान लागली तर घळीत परत जा," म्हणत. मग एका वळणावर मला झाडाखाली बसवून डबा घेऊन एकटेच पुढे जात आणि थोड्या वेळाने रिकामा डबा हलवत येत. वाटेत ठाकरवाडी लागे. तिथल्या सोमीबाई नावाच्या बाईला ते धोतराच्या सोग्यातून सुकट काढून देत, आणि ती हळू आवाजात म्हणे, "काल दोनदा गेलते." कुठे गेली होती? का? मी विचारलं तर काका म्हणाले, "तिला इचार." ती नुसती हसली. एकदा खिंडीत खाकी पँट घातलेला एक माणूस भेटला. त्याने काकांना मान डोलावून ओळख दिली आणि मला पाहून घाईने उतरून गेला. तो कोण होता, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांना हे सगळं सांगितलं. पाण्याचं, सुकटीचं, खाकी पँटचं. ते एकेक ऐकून मान हलवत होते.

पाचव्या की सहाव्या दिवशी काकांनी मला वळणावर बसवलं नाही. "चल," म्हणाले. माथ्याच्या कडेला एक जुनं झाड एकटं उभं होतं. वरचा शेंडा कधीचा मोडलेला, आणि दोन जाड फांद्या गाईच्या शिंगांसारख्या वर गेलेल्या. काका म्हणाले, "हे दर्यावरनं बगितलंयस?"

"नाही."

"तुज्या बानं दाखवलं न्हाय?"

"नाही."

मग माझा हात धरून त्यांनी तो झाडाच्या बुंध्याच्या ढोलीत घातला. खांद्यापर्यंत आत गेला. आतून सगळं भुसा झालेलं. "जन्मभर दुरून याच्यावर नजर लावली," ते म्हणाले. "होडी इकली तेव्हा म्हटलं, जाऊन बगू तरी कसलं हाय. बगितलं तर हे असं. एक-दोन पावसाळे काडील फार तर." मग त्यांनी पलीकडचं काट्याचं कुंपण दाखवलं. त्यात गुडघाभर उंचीचं एक रोप होतं. काकांनी खाली बसून डबा तिरपा केला आणि सगळं पाणी सावकाश त्याच्या मुळाशी सोडलं, लहान मुलाला पाजावं तसं. ज्या दिवशी ते येत नसत त्या दिवशी सोमीबाई पाणी घालत होती. दोनदा गेली होती ती इथेच.

मी विचारलं, "काका, तू आता दर्यावर जात नाहीस. मग हे कोणासाठी?"

"तुजा बा हाय ना दर्यावर. हे पडलं तर तो कशावर नजर लावील?"

"पण बाबा तर तुला..."

"मला काय म्हनतो ते ठाव हाय मला."

"मग त्यांना सांग ना हे!"

"त्यानं इचारलं का? इचारायला आला असता तर ओटीवर बसवून सांगितलं असतं. तो इचारायच्या आधी ठरवून मोकळा झाला." मग दर्याकडे बोट करून त्यांनी मला ती जागा दाखवली. खाली काय कशाच्या रेषेत येतं, दुसऱ्या अंगाला काय जुळतं, सगळं. ते इथे लिहिता येत नाही, आणि झाड कसलं तेही. दाखवून झाल्यावर त्यांचा चेहरा एकदम उतरला. "चुकलं माजं," ते म्हणाले. "खून बापानं पोराला द्यायची असते. तुज्या बाला कळलं की मी दिली, तर तो जन्मात माजं तोंड बगनार न्हाय. कोनाला बोलू नको. त्याला तर न्हायच न्हाय." मी झाडाला हात लावून शब्द दिला.

त्यानंतर चार दिवसांनी समाजाच्या पाटलांच्या पडवीत बैठक बसली. होड्या वर ओढून शाकारून झाल्या होत्या, माणसं मोकळी होती. काका एका खांबाला टेकून बसले होते. पाटील मला म्हणाले, "पोरा, घाबरू नको. शिकलेला हायस, बगितलं तेवडंच सांग." मी आधी घरी सांगितलेलं सगळं आता नाकारता येत नव्हतं. डब्याचं सांगितलं. सुकटीचं सांगितलं. मागून कोणी ओरडलं, "ठाकरवाडीत कोन हाय रे धर्मा, या वयात?" काका म्हणाले, "तुजी सासू. तुज्या तक्रारी सांगते." सगळे हसले, पाटीलही हसले, आणि क्षणभर मला वाटलं, मिटलं. पण वडील हसले नव्हते. ते उठून माझ्यासमोर आले.

"वर जाऊन तो दर्याकडं बोट दाखवतो का न्हाय?"

मी म्हटलं, "...दाखवतो."

"कोनाला?"

मला दाखवतो, एवढं म्हणायचं होतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, काय दाखवलं? आणि मी झाडाला हात लावून आलो होतो. मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही तोंड उघडायचं तर चाळीस माणसांसमोर खूण सांगावी लागली असती. त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून. मी खाली पाहत राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला.

वाळीत टाकलं असं कोणी म्हणालं नाही. फक्त त्यांच्याशी कोणी बोलेनासं झालं. लग्नाचं बोलावणं त्यांच्या दारावरून पुढे जाई. नारळी पौर्णिमेला त्यांनी नारळ सोडला तो गर्दी ओसरल्यावर, एकट्याने. हे मला पुढे सुट्टीत आईने सांगितलं, भाकरी थापता थापता, वडील घरात नाहीत असं पाहून. "म्हातारा दिवसभर वळचणीला बसून जुनं शीड उसवतो नि शिवतो," ती म्हणाली. "होडी न्हाय, काय न्हाय. शीड कशाला लागतंय?" तिलाही त्यात काहीतरी वेगळंच दिसत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी आपणहून विषय काढला. पावसाळ्यात माथ्यावरचं ते झाड वादळात पडलं होतं. पण त्या जागी एक उंच काठी उभी दिसते आणि तिला वर कापड आहे, सरळ नजरेत भरतं. "सर्वेवाल्यांची असेल," वडील म्हणाले. "न्हायतर कस्टमची. कोनाला तरी इशारे चाललेत." मी विचारलं, "मग आता जागा कशी धरता?" ते जरा घुटमळले. "काठीवर धरतो. आपल्याला काय, हाय तवर हाय." सुट्टी संपून मी एस. टी. पकडायला निघालो तेव्हा खारबंदीवर काका समोरून आले, हातात डबा. सहा महिन्यांत ते फार वाळले होते. मी मान खाली घातली. ते थांबले नाहीत, फक्त जवळून जाताना म्हणाले, "पडलं रे ते. काठी लावलीय. रोप मांडीएवडं झालंय." चार पावलं पुढे जाऊन, "अभ्यास कर." हीच आमची शेवटची भेट. मी वळूनही पाहिलं नाही, कारण बांधावर माणसं होती.

जानेवारीत वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगा राहायला आला. खाडीपलीकडच्या त्याच गावचा, जनार्दन. त्याच्या चुलत्याची इंजिनाची होडी. एके दिवशी जेवताना मी भीतभीत विचारलं, "आमच्या घोळीच्या जागेची खूण तुम्हाला कोणी दिली?" तो घास तोंडात असताना हसला. "खूण? खूण कशाला लागते? तुझ्या बाचं शीड दोन कोसांवरून दिसतं. इंजिन बंद करून लांब उभे राहायचो. त्याने गळ टाकले की समजायचं, इथेच." त्याला हे गमतीचं वाटत होतं. कोणी फितूर झालंच नव्हतं. माझे वडीलच रोज आपलं शीड उभारून त्यांना जागा दाखवत होते.

हे त्याच दिवशी मी घरी कळवायला हवं होतं. कार्ड घेतलं, पत्ता लिहिला, आणि थांबलो. कार्ड गुरुजी वाचून दाखवणार, म्हणजे पडवीभर माणसं ऐकणार की चूक माझ्या बापाची. मी ठरवलं, मे महिन्यात जाऊन समक्ष सांगेन, शांतपणे... त्या कोऱ्या कार्डावर पत्ता अजून आहे. मे महिन्याच्या आधी मार्च आला.

यंदा घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी जनार्दनचं बोलणं वडिलांना सांगितलं. "म्हंजे मी दाखवली म्हनतोस?"

"तसं नाही, बाबा..."

"त्यांच्याच गावचा पोरगा. तो खरं कशाला सांगंल? धर्मा मेला तरी त्यांना त्याचा कळवळा." आणि उठून गेले. झाडाचं आणि रोपाचं मी बोललो नाही. जिवंत माणसाला दिलेला शब्द त्याच्याकडून सोडवून घेता येतो. गेलेल्या माणसाला दिलेला कोणाकडून सोडवून घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वर गेलो. काकांच्या घराला कुलूप होतं, पण डबा वळचणीच्या खुंटीला तसाच लटकत होता. तो घेतला. घळीत पाणी होतं. कुंपणाचे काटे नवे होते, सोमीबाईने घातलेले. ती वाडीच्या तोंडाशीच भेटली. सुकट मागितली नाही, नुसतं म्हणाली, "म्हातारा आला न्हाय म्हनून मी रोज जाते. तू तेव्हा त्याच्यासंगं यायचास. कोन त्याचा?" मी पुतण्या म्हणालो. रोप माझ्या कमरेला लागत होतं. शेजारी दगडांच्या राशीत रोवलेली बांबूची काठी वाऱ्याने कलली होती आणि वरच्या कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या. मी काठी सरळ केली, माझा पंचा वर बांधला आणि जुनं कापड घडी करून घरी आणलं.

वडील ओटीवर बसले होते. मी काहीही न बोलता ते कापड त्यांच्यापुढे ठेवलं. "काय हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माथ्यावरच्या काठीचं." त्यांनी ते उचललं, आधी तिरस्काराने, दोन बोटांत. मग ते शीड आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. दुहेरी टाका होता. शेवटी म्हणाले, "ही शिवन दादाची हाय." धर्मा नाही म्हणाले. आणि कापड घडी करून मांडीखाली ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून.

चार दिवस गेले. मी हे लिहायला बसलो तेव्हा मागे येऊन उभे राहिले. "काय लिवतोस?"

"धर्माकाकांचं."

"झाडाचं लिवतोस?" मी त्यांना झाडाचं काहीच सांगितलं नव्हतं.

"झाड कसलं ते नाही लिहीत."

"डोंगर?"

"तोही नाही."

"मंग लिव," म्हणाले, आणि जरा थांबून, "पेटीचं पन लिव."

परवा सकाळी मी उठलो तर ते अंगणात तयार उभे होते, हातात काकांचा पत्र्याचा डबा. पन्नाशी उलटलेला माझा बाप, जन्मभर ज्या झाडावर नजर लावून होडी चालवली त्याच्या जवळपासही कधी न गेलेला, मला विचारत होता, "वाट कुठनं जाते?" आम्ही निघालो. ते माझ्या मागून पाय फाकून चालत होते. पुळणीवर जाळी विणत बसलेल्यांपैकी एकाने मान वर केली. आधी डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग शेजाऱ्याला कोपर मारलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती.

"काय नाखवा," त्याने हाक मारली, "बापलेक डोंगरात कशाला?"

वडील थांबले. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"पाय मोकळे करायला," ते म्हणाले, आणि चालू लागले.